सतरा नंबरचा फायदा

इथे दुबईजवळ रास अल खैमाला कॅसिनो होणार हे कळल्यापासून माझ्या नवऱ्याचं, चारुदत्तचं डोकं ठिकाणावर नाही. ऑडिटमधला माणूस, त्याला खेळायच्या आधी हिशोब हवा. त्याने खेळण्यातलं रुलेटचं चाक मागवलं आणि अल बर्शातल्या आमच्या डायनिंग टेबलावर ते दोन हजार वेळा फिरवलं. तीन महिने आम्ही सोफ्यावर बसून जेवलो.

शेवटी शुक्रवारी त्याने लॅपटॉप माझ्यापुढे सरकवला.

"विभा, सतरा नंबर शंभर वेळा आला. यायला हवा होता चौपन्न वेळा. नंबर लागला की पस्तीसपट मिळतात; सतरावर शंभर दिऱ्हम लावले की सरासरी ऐंशी फायदा. म्हणजे जवळजवळ दोन हजार रुपये, दर वेळी."

"डॅड, दॅट्स जस्ट धिस व्हील," आमची इरा म्हणाली.

मी चष्मा लावून चाकात पाहिलं. सतराच्या खाचेला तांदळाचा दाणा चिकटला होता, कुंकवासकट. चाकात फिरणारी गोळी त्यालाच अडून तिथे पडत होती. नवी वस्तू घरात आली की मी हळदकुंकू, अक्षता वाहतेच. एअर फ्रायरलाही वाहिल्या होत्या.

दाणा पाहून त्याने लॅपटॉप मिटला. मला वाटलं, खलास, आता टेबल मोकळं होणार.

"विभा," तो हळूच म्हणाला, "कॅसिनोतल्या चाकाची पूजा तुला करू देतील का गं?"