पंपातली टकटक

माझे सासरे पंपांचे डॉक्टर. दूरच्या कारखान्यातला माणूस पंपाजवळ फोन धरायचा आणि इथे दुकानात बाबा डोळे मिटून सांगायचे, बेअरिंग गेलंय की पंप हवा ओढतोय.

नवऱ्याने दुकानाचे फोन इंटरनेटवर घेतले आणि बाबा दोनदा चुकले. "आत टकटक आहे, उघडा," म्हणाले. दोन्ही पंपांत काहीच निघालं नाही. दुसऱ्या गिऱ्हाइकाने तर तोंडावर सुनावलं. बाबांनी आपलं स्टूल उचललं आणि मागच्या खोलीत नेऊन ठेवलं.

"सूनबाई, कान गेले माझे. यापुढे फोन मला देऊ नकोस."

मला भडभडून आलं आणि रागही आला. जिन्यावरच्या माझ्या पावलांवरून ज्यांना माझा मूड कळतो, त्यांचे कान असे कसे जातील?

दुकानामागच्या पडवीत बाबांनीच दुरुस्त केलेला एक पंप चालवून बघायला लावला होता. मी माझ्या मोबाइलवरून दुकानाला फोन लावला, मोबाइल त्या पंपापाशी ठेवला आणि पुढे येऊन बाबांना बोलावून त्यांच्या हातात दुकानाचा रिसीव्हर दिला.

"टकटक आहे," ते पडक्या आवाजात म्हणाले.

"बाबा, हा तुमचाच पंप आहे. मागे चालू आहे तो."

ते मागे गेले, पंपाशी कान नेला. टकटक नव्हती. परत येऊन रिसीव्हर घेतला. होती.

"म्हणजे आजारी फोन आहे," ते सावकाश म्हणाले.

"पण स्पीड भरपूर आहे," आमचे हे म्हणाले आणि पुरावा म्हणून भिंतीवरच्या मोठ्या पडद्याकडे बोट दाखवलं. गिऱ्हाइकांवर छाप पडावी म्हणून तिथे दिवसभर इंटरनेटवरून पंपांचे व्हिडिओ चालायचे.

इंटरनेटवाला आला, पडदा बघून हसला. "चोर हाच. फोनवरचा आवाज बारीक तुकड्यांनी येतो. व्हिडिओचा तुकडा उशिरा आला तरी चालतं, पुढचा साठा असतो. आवाजाचा तुकडा उशिरा आला की फोन तो टाकून देतो. तिथे फट पडते, तीच ही टकटक." त्याने राउटरमध्ये आवाजाला पहिली वाट दिली, चित्रांना नंतरची.

मी थक्क होऊन बाबांकडे बघत राहिले. त्याच फोनवर आम्ही सगळे दिवसभर बोलत होतो. त्या फटी आमच्यापैकी कुणालाच ऐकू आल्या नव्हत्या. एकट्या बाबांना सगळ्या ऐकू आल्या होत्या, आणि त्यांनी बोल लावला होता तो स्वतःच्या कानांना.

मी स्टूल पुढे आणून ठेवलं. दुपारी फोन आला तो सुनावणाऱ्या त्याच गिऱ्हाइकाचा, आवाज जरा नरम होता. बाबा बसायला तयार नव्हते. मी रिसीव्हर धरून उभीच राहिले, तेव्हा बसले. डोळे मिटले. बराच वेळ ऐकत राहिले.

"पंपावरचा हात काढा," ते म्हणाले.

"काढला," तो पलीकडून म्हणाला. "पण तुम्हाला कसं कळलं?"

बाबा बेअरिंग ऐकत होते.