दिसून राहिलं का?

टीव्हीच्या बटणाच्या खाचांत मळ साचलेला — तंबाखूचा, तेलाचा, बोटांच्या घामाचा काळपट चिकट थर — बंद करायला म्हणून रागिणीनं बटण धरलं तर तो तिच्याच बोटांना लागला, आणि तिनं हात झटकला. टीव्ही चालूच राहिला. पडद्यावर काळ्यापांढऱ्या मुंग्या वळवळत होत्या. आणि त्यांचा तो खरखराट... समोर बाजेवर बाबा, ऐंशी ओलांडलेले चंद्रभानजी, पडद्याकडे टक लावून. बाजेखाली थुंकायचा डबा, त्यात... तिनं नजर काढून घेतली.

दूरदर्शनचा टॉवर बंद होऊन चार वर्षं झाली. आता अँटेनावर काही येत नाही, छत्री लागते, सेटटॉप बॉक्स लागतो, हे तेल्हाऱ्यात शेंबड्या पोरालाही माहीत. पुढच्या खोलीत गजेंद्रनं, तिच्या धाकट्या भावानं, छत्री लावून भिंतभर टीव्ही घेतला होता. बाप मात्र मागं, न्हाणीजवळच्या खोलीत, गुरांच्या ढेपेच्या पोत्यांशेजारी, जुन्या डबड्यासमोर. बापाला कुणी सांगितलंच नव्हतं. उलट रोज पाच वाजता गजेंद्र गच्चीवर चढायचा, अँटेना फिरवायचा आणि वरून ओरडून विचारायचा, दिसून राहिलं का? भावजयीनं, प्राजक्तानं, हे फोनवर हसत हसत सांगितलं होतं — "ताई, रोजचाच सिनेमा असते आमचा" — आणि अमरावतीच्या आपल्या स्वच्छ स्वयंपाकघरात रागिणीनं फोन ओट्यावर पालथा ठेवला होता. म्हाताऱ्या माणसाला खेळवतात. माकडासारखं. सकाळच्या एसटीनं ती आली होती ती एवढ्यासाठीच, सांगून टाकायला.

जेवतानाही तिला तेच दिसत राहिलं — वांग्याच्या भाजीवरचा तेलाचा तवंग, तो भाकरीनं निपटून घेणारा गजेंद्र, कोपरापर्यंत आलेला ओघळ चाटणारी त्याची जीभ, आणि डोळे भिंतीवरच्या मालिकेत. बापाचं ताट मागं गेलं होतं. कुणी वाढायला उठलं नाही. हा माझा भाऊ, मी याला कडेवर घेऊन फिरवलंय... घास तिच्या तोंडात फिरत राहिला.

दुपारी ती बाजेच्या कडेला बसली. बाबांच्या अंगाला बामाचा आणि न धुतलेल्या गोधडीचा वास येत होता. ती तोंडानं श्वास घेत होती, आणि तेही तिला कळत होतं.

"बाबा, टॉवर बंद झालाय. कितीही फिरवलं तरी यात आता चित्र येणार नाही. हे लोक तुम्हाला फसवतात."

बाबांनी मान वळवली नाही. "मले मालूम आहे."

"मालूम आहे? कधीपासून?"

"बंद झाला तवापासून. बुधाजीनं सांगतलं होतं, देवळात."

"मग कायले रोज —" तिच्या तोंडात आपसूक इथली भाषा आली. "कायले हा तमाशा?"

ते डब्यात थुंकले. लाळेचा धागा हनुवटीवर राहिला, तो त्यांनी पुसला नाही.

"गजू दिवसभर बोलत नाई माह्याशी," ते म्हणाले. "वावराचं विचारत नाई, दुखण्याचं विचारत नाई. पाच वाजले का वर जाते, अन् विचारते. मी म्हणतो जरासक इकडे कर, तो करते. तू सांगू नको बाई त्याले, मले मालूम आहे म्हणून."

ती उठून दारात आली. किळस होतीच, पण आता ती ठेवावी कुणावर? एका खोटेपणाच्या दोन टोकांना धरून लटकलेले हे बापलेक — आणि बाबांना सगळं मालूम आहे हे गजूला तरी ठाऊक नसेल कशावरून? त्यालाही दुसरं काही बोलता येत नसेल तर? आणि मी... मी रविवारी फोन करते, जेवलात का, गोळ्या घेतल्या का, आणि उत्तर येईपर्यंत दूध उतू जाऊ नये म्हणून गॅसकडे बघत असते. ते खरं बोलणं होतं. शंभर टक्के खरं.

पाच वाजता डोक्यावर पावलं वाजली. अँटेनाचा पाइप करकरला.

"दिसून राहिलं का?"

बाबा ताठ बसले. वावराच्या ह्या धुऱ्यावरून त्या धुऱ्यावर जाईल असा आवाज त्यांनी काढला. "नाई! जरासक डोंगराकडे!"

"आता?"

"अजून! हां... थोडंसं आलं!"

काहीच आलं नव्हतं. वर पाइप पुन्हा करकरला, आणि मग गजेंद्रचा आवाज — जेवताना नव्हता असा, मऊ, जवळजवळ पोरकट — "ताई, तू पाहून सांग न जरा! त्याईले बरोबर दिसत नाई. आलं का?"

बाबा तिच्याकडे पाहत होते. मुंग्यांचा उजेड त्यांच्या ओल्या हनुवटीवर हलत होता. गजेंद्रला सुनवायला म्हणून सकाळपासून घासून ठेवलेलं वाक्य तिनं शोधलं, ते सापडलं नाही. त्याच्या जागी दुसरंच एक, मोठ्या आवाजातलं, जिभेवर येऊन बसलेलं होतं, आणि ते सपशेल खोटं होतं, आणि त्याची तिला जराही शिसारी येत नव्हती — हे कळलं तेव्हा मात्र तिच्या अंगावर काटा आला.