पंखाचं टोक

माझ्या बापाला मी जन्मभर दगड म्हणत आले. तोंडावर नाही, मनातल्या मनात. वसतिगृहाच्या फाटकाशी ट्रंक टेकवली की स्वारी पाठ फिरवून चालायला लागायची. लग्न होऊन मी निघाले तेव्हा सगळे गाडीमागे हात हलवत उभे, आणि बाबा केव्हाच जिना चढून घरात. बाकीच्यांचे बाप रडायचे म्हणे. आता आई नाही, आणि येत्या सोमवारी मी बदलीवर दूरच्या विमानतळावर निघणार होते. ती पाठ पुन्हा बघायची म्हणून मला आतापासूनच राग येत होता.

मी विमानांत इंधन भरते. शुक्रवारी व्यवस्थापक म्हणाले, उद्या युद्धाच्या काळातलं एक विमान तासभर उतरणार आहे. उडती अशी चारच उरलीत. बाबा तरुणपणी याच जातीच्या विमानांवर मेकॅनिक होते. घरी येऊन सांगितलं तर त्यांनी एवढंच विचारलं, किती वाजता. विमान अकराला यायचं होतं. हे सकाळी सहालाच दाढी करून, बूट चमकवून तयार.

विमान उतरलं तसे बाबा पुढे झाले. काठी टेकत भोवती एक चक्कर मारली, शेपटीपाशी जरा जास्तच थांबले. मी टँकरची नळी ओढली तेव्हा मागून आवाज आला, आधी जमिनीची तार लाव, ठिणगी नको उडायला. बावीस वर्षं मी तीच आधी लावते आहे, पण म्हटलं, आज ऐकून घेऊ.

इंधन भरून झालं आणि घोळ झाला. या विमानाचं नाक एवढं उंच असतं की जमिनीवर चालताना वैमानिकाला समोरचं काही दिसत नाही. त्यात आमच्या धावपट्टीकडे जाणाऱ्या वाटेची एक कड दुरुस्तीसाठी खणलेली. वैमानिक बाईंनी विचारलं, पंखाचं टोक धरून सोबत चालणारं कुणी आहे का? व्यवस्थापक डोकं खाजवायला लागले. बाबांनी काठी माझ्या हातात दिली.

"ते माझंच काम," ते म्हणाले.

व्यवस्थापकांनी माझ्याकडे पाहिलं. ऐंशी वर्षांचा माणूस, गुडघ्यांचा तर आनंदच. मी म्हटलं, मी मागे चालते, काही झालंच तर माझ्या नावावर घाला. का म्हटलं, कोण जाणे.

बाबा चालले. एक हात पंखावर, दुसऱ्यानं इशारे. खणलेल्या कडेपाशी त्यांनी मूठ वर केली, विमान थांबलं. तळवा हलवला, ते हळूच वळलं. गुडघे दुखत असणारच, पण पावलात ते दिसू दिलं नाही. धावपट्टीच्या तोंडाशी त्यांनी पंखावर दोनदा थाप मारली, हात सोडला आणि पाठ फिरवली.

विमान गर्जत वर गेलं. सगळे माना वर करून बघत होते, आणि हे आपल्या बुटांकडे बघत माझ्याकडे येत होते. माझं डोकंच फिरलं. वर तरी बघा, म्हटलं, यासाठीच सहापासून बसला होतात ना? विमानाचा आवाज पुरता विरल्यावर मग ते बोलले.

"आमच्यात तसा रिवाजच होता. पंख सोडला की बघायचं नाही. बघत राहिलं तर ते परत येत नाही म्हणायचे. मी हसायचो. एकदा मुद्दाम बघत राहिलो, पार ठिपका होईपर्यंत."

त्यात कोण होतं, हे मी विचारलं नाही. विचारलं ते दुसरंच.

"आणि मी, बाबा? वसतिगृहाच्या दारात?"

"तू आलीस ना दर वेळी परत?" ते म्हणाले, आणि काठीसाठी हात पुढे केला.

मला भर उन्हात, सगळ्यांदेखत रडू आलं. ते बाजूला उभे राहिले, रडू नको म्हणाले नाहीत.

सोमवारी सामान ठेवून झालं, मी गाडीत बसले. बाबा फाटकाशी नुसतेच घुटमळत होते. मी काच खाली केली.

"बाबा," मी म्हटलं, "वळा आता."