दहा-पन्नासची पैज

"हरलास तर माझ्या नातीची गुलाबी तीनचाकी," कुंपणावर कोपर टेकून डॅझ पॅस्को म्हणाला. "पुढच्या शनिवारी, मॅचच्या हाफटाइमला. मैदानाच्या त्या टोकापासून क्लबच्या दारापर्यंत. झुरमुळ्यांसकट!"

"आणि तू हरलास तर?" पलीकडून नेव्ह शिरमरने विचारलं.

"तर मी बसतो. माझं बूड तुझ्याहून मोठं, लोकांना मजा जास्त."

समोरच्या घरातली ब्रॉनी कचऱ्याचा डबा ओढता ओढता थांबली. "मी साक्षीदार. कोणीही आपटा, फोटो मी काढणार."

पैज साधी होती. रविवारी नेव्ह आपल्या शेडमध्ये बार्ली भिजवून बिअरचा गोड काढा उतरवणार, आणि त्यात सोडलेली काचेची कांडी दहा-पन्नासवर, म्हणजे १०५०च्या खुणेवर, तरंगली पाहिजे. दाण्यातली साखर जितकी पाण्यात उतरेल, तितकी कांडी वर उचलली जाते. चौदा वर्षं नेव्हची कांडी पन्नासच्या खाली आली नव्हती. ईस्टरपासून मात्र तीनदा अडतीस.

नेव्ह मापाचा माणूस. एकतीस वर्षांत त्याची शाळेची बस दोनदाच उशिरा पोचली, आणि दोन्ही वेळा रस्त्यात मेंढ्या होत्या. निवृत्तीनंतर तो दर मंगळवारी गावातल्या म्हाताऱ्यांना व्हॅनमधून शंभर किलोमीटरवरच्या इस्पितळात न्यायचा. म्हातारे म्हणजे त्याच्याहून चार-पाच वर्षांनीच मोठे.

अडतीसपायी त्याने पाणी बदललं, बार्लीचं पोतं बदललं. दाण्यांवरून पाणी सोडायला अर्धा तास पुरायचा, तिथे दीड तास उभा राहिला. गरम काढ्यात कांडी खोटं बोलते, म्हणून काढा बर्फात थंड करून पाहिला. कांडी ढिम्म हलेना.

डॅझला मनातल्या मनात उकळ्या फुटत होत्या. ईस्टरच्या आधी नेव्ह पाव आणायला गेला असताना यानेच शेडमध्ये शिरून भरडायच्या चक्कीचा स्क्रू दोन आटे सैल केला होता. रोलरमधली फट वाढली की दाणा धड फुटत नाही, साखर आतच राहते. त्याआधी याच पठ्ठ्याने क्लबच्या फळ्यावर 'नेव्हची व्हॅन विकणे आहे, किंमत एक पेटी बिअर' अशी चिठ्ठी लावली होती. दोन गिऱ्हाइकं आलीसुद्धा!

पण शुक्रवारी त्याला कुंपणापलीकडे नेव्ह दिसला. पायरीवर बसून वाटीतले भरडलेले दाणे चिमटीत चोळत होता. नुसता चोळत होता. गंमत तिथल्या तिथे शिळी झाली. शनिवारी सकाळी नेव्ह किराण्याला गेला तसा डॅझ पेचकस घेऊन शेडमध्ये घुसला. म्हटलं, आटे कसून टाकू, पैज हरू, गावाला बूड दाखवू, विषय संपला.

स्क्रू आधीच कसलेला होता. शेजारी चिकटपट्टी, आणि तिच्यावर जाड मार्करने ही एवढी मोठी अक्षरं: 'हात पुसून जा, डॅझ.'

डॅझ पोट धरधरून हसला. मग पट्टीवरून बोट फिरवलं, तर धुळीचा थर निघाला. स्क्रू केव्हाचाच जागेवर आहे, तर अडतीस का?

रविवारी नेव्हने झाकणाच्या पेटीत दाणे आणि गरम पाणी ढवळलं, पेटीला बसवलेल्या तापमापीकडे मान वाकडी करून पाहिलं. "सहासष्ट. बरोब्बर," म्हणत झाकण लावलं. तासाभराने काढा उतरवला, थंड केला, उभ्या नळीत ओतून नळी डॅझच्या हातात दिली.

"तूच वाच. मी वाचलं तर चोर म्हणशील."

एकोणचाळीस.

डॅझने नळी खाली ठेवली. पेटीपाशी गेला, तबकडीवर वाकला. सुई छपन्नच्या जरा खाली होती. झाकलेल्या पेटीत तासाभरात एखाद-दोन अंश उतरतात, दहा नाही. आणि पाणी पुरेसं गरम नसलं की दाणा नुसता भिजतो, त्याची साखर होत नाही.

"नेव्ह, हे किती आहे रे?"

नेव्हने मान डावीकडे वळवली आणि पाखरासारखं डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं. "आता चौसष्ट असेल."

"पंचावन्न आहे."

नेव्हने हात फडक्याला पुसले. पुन्हा पुसले. "समोर पाहिलं की मधोमध एक डाग येतो," तो म्हणाला. "माशी बसावी तसा. बाजूचं सगळं लख्ख दिसतं."

"कधीपासून?"

"ईस्टर."

"डॉक्टरकडे गेला नाहीस?"

"काय सांगेल ते पाठ आहे मला. आईचं असंच झालं होतं."

"मी पन्नास सांगतो," डॅझ घाईघाईने म्हणाला. "ब्रॉनीने कुठे पाहिलंय? मोठ्या आकड्यांची तबकडी आणू. मी येऊन वाचत जाईन, त्यात काय!"

"आणि मंगळवारी? रस्त्यात आडवं येणारं कांगारू पण तूच वाचणार?"

डॅझने तबकडीची काच अंगठ्याने पुसली.

"एकोणचाळीस ना?" नेव्ह म्हणाला. "मग एकोणचाळीस."

पुढच्या शनिवारी हाफटाइमला नेव्ह गुलाबी तीनचाकीवर बसला. गुडघे कानांपर्यंत आले होते, मुठींवर झुरमुळ्या उडत होत्या. मैदानाभोवती लावलेल्या गाड्यांनी हॉर्नचा कल्लोळ केला. डॅझ खिशात हात घालून शेजारून चालत होता. हात लावला तर पैज मोडली असती.

"जरा डावीकडे," तो ओठ न हलवता पुटपुटला. "अजून. हां, आता सरळ."

क्लबच्या दारात ब्रॉनी फोन रोखून उभी होती. "काय नेव्ह, नवी गाडी कशी वाटली?"

"झकास! लायसन्स लागत नाही हिला."

लोक हसून हसून लोळले. नेव्ह कण्हत उठला, खिशातून व्हॅनच्या किल्ल्या काढल्या आणि पुढे धरल्या.

"अरे, या वेळी व्हॅन खरंच विकली वाटतं!" मागून कोणीतरी ओरडलं. पुन्हा हशा.

"मंगळवारी सव्वासातला," नेव्ह हळूच म्हणाला. "ट्रेलोअरबाईंना पुढे बसव. मागे त्यांना मळमळतं."

किल्ल्या डॅझच्या हातापासून वीतभर उजवीकडे लोंबत होत्या. डॅझने आपला हात त्यांच्याखाली सरकवला.