मुक्ताबाईची हळद

पडेगावच्या अभयला दर रविवारी लोकांना काहीतरी ऐकायला लावायची खोड होती. कुणी न ऐकलेल्या कॅसेट तो शहागंजच्या जुन्या बाजारातून उचलायचा, कॉम्प्युटरवर उतरवायचा आणि आपल्या चॅनलवर चढवून खाली लिहायचा, ‘राहून गेलं असेल तर ऐका.’ बारा जणांनी ऐकलेली चीज त्याला थोर वाटे; बारा हजारांनी ऐकली की तिच्यात खोट दिसू लागे. अपवाद एकच, ‘मुक्ताबाईची हळद’.

एकोणनव्वद सालची ही कॅसेट त्यानं सगळ्यात आधी चढवली होती. वडील जाऊन महिना झाला होता. त्यांच्याच डेकवर ती लावली आणि त्या बाईच्या जड, संथ आवाजानं तो ढसाढसा रडला. गाणी हळदीतली, विहिणीची टर उडवणारी. एका गाण्यात विहीण अकरा पुरणपोळ्या खाऊन बारावी मागते. अभयनं त्याखाली लिहिलं, ‘बायकांची पिढ्यान्‌पिढ्यांची भूक या आवाजात दाटून आली आहे.’ चाळीस हजार लोकांनी माना डोलावल्या. पुण्याच्या एका प्राध्यापकांनी तर लेखच लिहिला. शहाणी माणसं एकदा रडायला बसली की पुरणपोळीसुद्धा त्यांना हसवू शकत नाही.

मग फुलंब्रीहून फोन आला.

“मी विशाखा, मुक्ताबाईची नात. रविवारी माझी हळद आहे. आजीचीच गाणी लावायची ठरली होती. पण तुमच्या चॅनलवरचं ऐकून आजी जेवलीच नाय. म्हणते, हा माझा आवाज नाय. आणि घरचे म्हणतात, हळदीत असलं रडगाणं नको. आमच्याकडची कॅसेट कधीच गेली. तुमची घेऊन येता का?”

अभय शनिवारी गेला. जरा घुश्शातच गेला. बाईला स्वतःचाच आवाज ओळखू येत नसेल तर त्याला तो काय करणार? वडिलांचा डेक त्या कॅसेटनंतर महिन्याभरात बंद पडला होता, म्हणून नंतर घेतलेला प्लेअर त्यानं सोबत नेला. बाकीच्या सगळ्या कॅसेट या प्लेअरवरच उतरल्या होत्या. मुक्ताबाईची तेवढी त्याच्यात कधी लावली नव्हती. झालेलं काम पुन्हा कोण करतं?

मुक्ताबाई ओट्यावर हळकुंडं निवडत होत्या. पासष्टीची, काटक म्हातारी.

“तूच का रं तो?” त्या म्हणाल्या. “कोण मेलं म्हणून मला असं गायला लावलंस?”

अभयनं प्लेअरमध्ये कॅसेट घातली आणि बटण दाबलं.

ढोलकी दुडक्या चालीनं निघाली. तिच्यावर एक बारीक, खट्याळ आवाज उड्या मारत आला. बारावी पुरणपोळी मागितली गेली आणि मागच्या पोरी फिस्सकन हसल्या. त्या जागी अभयला चार वर्षं हुंदका ऐकू येत होता.

“व्हय, ही मी!” मुक्ताबाईंनी टाळी वाजवली. विशाखा आतून पळतच आली.

अभयच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. वडिलांच्या डेकचा रबरी पट्टा सैल झाला होता, फीत हळू फिरत होती. आवाजातलं दुःख पट्ट्याचं होतं, उरलेलं त्याचं स्वतःचं. त्याला शरम वाटली. आणि खरं सांगायचं तर हा नीट आवाज त्याला आवडलाच नाही. असं तर गावोगाव गातात.

“आजी, ही प्रत विशाखाला देतो,” तो म्हणाला. “पण चॅनलवरची जुनी राहू द्या. लोकांना लई आवडलीय. तुमचं दुःख भिडलंय त्यांना.”

“माझं कोणतं दुःख? गाताना तोंडात पान होतं माझ्या.” त्यांनी सूप बाजूला ठेवलं. “दुःख मला बी झालं, नाय असं नाय. पण त्ये मी कुणाला गाऊन नाय दाखवलं. लोकांना आवडली ती बाई मी नाय. तिला काढ तिथून.”

वडील गेल्यावर तीच बाई रोज माझ्यासोबत होती, हे त्याच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण त्यानं खिशातून फोन काढला आणि तिथंच ओट्यावर बसून जुनी प्रत काढून टाकली. चाळीस हजार ऐकणारे, सहाशे अभिप्राय, प्राध्यापकांची शाबासकी, सगळं एका बोटासरशी गेलं.

“आता च्या घे,” मुक्ताबाई म्हणाल्या.

रविवारी तिकडं विशाखाला हळद लागत असताना अभयनं नवी प्रत चढवली. खाली लिहिलं, ‘आधी चुकीच्या वेगानं चढवली होती. चूक माझी. ऐका.’ तीन दिवसांत नव्वद जणांनी ऐकली. बहुतेकांनी अर्ध्यात सोडली.

चौथ्या दिवशी गंगापूरच्या कुणा सोनियानं लिहिलं, ‘ही कोण? आधीची बाई कुठं गेली? माझी आई वारली तेव्हा मी तिच्याच आवाजावर दिवस काढले.’

अभयनं सैल पट्ट्याची सगळी हकीकत सविस्तर लिहिली. मग ती पुसली आणि दोनच वाक्यं लिहिली.

‘ती बाई कधी नव्हतीच. मलाही तिची आठवण येते.’