नऊ इंचांवर रिंग

कुरुळीत कामगारांसाठी भाड्याच्या खोल्या बांधायला काढल्या तेव्हा अण्णासाहेबांनी सळई बांधायचं काम नागसेनला दिलं. सळई कधी घ्यायची, हे इथले मालक इंजिनिअरला नाही, सळई बांधणाऱ्या फिटरला विचारतात. नागसेनने छातीठोकपणे सांगितलं होतं, "पंधरा दिवस थांबा, भाव उतरेल." उतरणं राहिलं बाजूला, किलोमागे आठ रुपये चढले. वर दुकानदार म्हणे, माल आला तर देऊ. आयुष्य सळईत गेलेल्या माणसाने पोपटवाल्या ज्योतिष्यासारखं भविष्य सांगावं, या विचाराने नागसेनला स्वतःचाच संताप येत होता.

स्लॅबच्या दिवशी सकाळी अण्णासाहेब वर आले. बीमच्या लांब सळयांना कवळून धरणाऱ्या रिंगा ड्रॉइंगप्रमाणे सहा-सहा इंचांवर बांधायच्या होत्या. बीमच्या दोन-तृतीयांश भागापुरत्याच रिंगा उरल्या होत्या.

"नऊवर घे. हाय त्यात भागव."

"नऊवर बीम तडकेल, अण्णासाहेब. खाली माणसं झोपणार आहेत."

"मंग थांबा म्हणून कुणी सांगितलं व्हतं? आता तूच निस्तर. दुपारी काँक्रीटची गाडी येतीय."

नागसेनचं डोकं सणकलं. "चूक माझी आहे. माझी मजुरी कापा. पण माझ्या चुकीचं ओझं भाडेकरूंच्या डोक्यावर ठेवणार नाही."

पक्कड पिशवीत टाकून तो खाली उतरला. तासाभरात दुसरे फिटर आले. माल नाही म्हणून निम्म्या साइट बंद, माणसं रिकामी बसलेली; अण्णासाहेबांनी नऊ म्हटलं, त्यांनी नऊवर बांधलं. नागसेन फाटकाशी दात-ओठ खात बघत राहिला. चार वाजेपर्यंत सगळं काँक्रीटखाली गाडलं गेलं. आता कोण बघतंय आत?

तेवढ्यात शालनबाई आली. कंपनीत पॅकिंगला जाणारी, खालची खोली ठरवायला आलेली. नागसेनने तिला अडवलं आणि रिंगांची सगळी गोष्ट रागारागाने सांगितली. "ही खोली घेऊ नका, ताई."

तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"भाऊ, आत्ता राहते त्या खोलीत किती सळई आहे, तुम्हाला ठाऊक आहे?"

नागसेनने नकारार्थी मान हलवली.

"मग इथलं निदान कळलं तरी," म्हणून ती अण्णासाहेबांकडे खोली ठरवायला गेली.