चौतीस नंबरचं नाव

नोव्हेंबरातल्या शनिवारी टालोबा गावात दुपार कधी सुरू होते आणि कधी संपते, ते कुणालाच नीट सांगता येत नाही. मैदानाबाहेरच्या तंबूंतून सकाळपासून डुकराच्या मांसाचा धूर निघतो, तो उन्हात मिसळतो आणि सगळं गाव डुलकी लागल्यासारखं पिवळसर, संथ दिसायला लागतं. त्या धुरातून एकच आवाज हिंडत असतो. प्रत्येक तंबूत टीव्ही आणि प्रत्येक टीव्हीत व्हर्लन ट्रिबल.

कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल संघाचं नाव बगळे. बगळ्यांच्या सामन्याचं वर्णन व्हर्लन एक्केचाळीस वर्षं करत होता. आता अठ्ठ्याहत्तरीला आला होता आणि अख्खा जिल्हा त्याला काका म्हणायचा. त्याच्या आवाजाने झोप लागते, असं लोक म्हणायचे, आणि ते त्याचं कौतुकच असायचं. इथली निम्मी पोरं बापाच्या पोटावर पालथी पडून, त्याचाच आवाज ऐकत झोपी जायला शिकली होती. ज्या बायकांना खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं, त्यासुद्धा इस्त्री करताना टीव्ही लावून ठेवायच्या. घरात कुणीतरी वडीलधारं बसलंय असं वाटायचं.

त्याच्या डाव्या कोपराशी नादीन क्रॉडर उभी असायची. गावातल्या शाळेत तिने भूगोल शिकवला, निवृत्त झाली, पण हे शनिवारचं काम सव्वीस वर्षांत सोडलं नाही. समोर पुठ्ठा, पुठ्ठ्यावर बावीस पोरांची नावं. चेंडू ज्याच्या हातात जाईल, त्याच्या नावावर नादीनने बोट टेकवायचं. व्हर्लन पापणी लवायच्या आत खाली बघायचा आणि नाव घ्यायचा, ते असं, की ऐकणाऱ्याला वाटावं हा पोरगा काकांच्या मांडीवर वाढलाय.

अलीकडे काकांचे डोळे अधू झाले होते. तेही नादीनच्या बोटाने निभावून नेलं. घोटाळा एकाच ठिकाणी व्हायचा, चौतीस नंबरपाशी.

चौतीस नंबर म्हणजे जामार बॉयकिन. वळण्याआधी डावा खांदा किंचित झुकवायचा आणि मग वाऱ्यासारखा सुटायचा. चाळीस वर्षांपूर्वी रूफस लँगली नावाचा एक पोरगा याच मैदानावर, याच नंबरचा सदरा घालून, अगदी असाच वळायचा. त्यामुळे बॉयकिनचा खांदा झुकला की व्हर्लन पुठ्ठ्याकडे बघायचाच नाही. बघायची गरजच काय? तो खुर्चीतून अर्धा उठायचा आणि म्हणायचा, "आणि हा निघाला लँगली!"

बाहेरच्या शहरांतली वर्तमानपत्रं हसली. टालोबा हसलं नाही. बियाण्यांच्या दुकानावर पाटी लागली, 'लँगली अजून पळतोय'. बातमीदाराने बॉयकिनला खोदून विचारलं, तेव्हा तो म्हणाला, "काका चुकतात तेव्हा माझी आजी टाळ्या वाजवते. मग मला काय धाड भरलीय?"

चॅनलवाल्यांना मात्र टाळ्या ऐकू येत नव्हत्या. आज काकांचा शेवटचा सामना होता आणि केंडल नावाचा निर्माता स्वतः आला होता. सामन्याआधी त्याने नादीनला समालोचनाच्या बूथच्या दारात गाठलं.

"मॅडम, एकदा चुकले तर मी कानाडोळा करेन. दुसऱ्यांदा ते नाव आलं, तर मध्यंतरानंतर ब्लेक बसेल."

ब्लेक मागच्या खुर्चीत बसला होता. नवा समालोचक, भांग अगदी सरळ.

"एक्केचाळीस वर्षं बोललेल्या माणसाला शेवटच्या दिवशी अर्ध्यावर उठवणार?" नादीन म्हणाली. "घरी गेल्यावर आईला काय सांगणार आहेस रे?"

"मलाही वरून फोन येतात, मॅडम. काकांना तेवढं सांगून ठेवा."

"मी नाही सांगणार. हिंमत असेल तर तू सांग."

केंडलने सांगितलं नाही. त्याला तरी कुठे सांगवणार होतं?

सामना सुरू झाला. पहिल्या दोन वेळा चौतीसच्या हातात चेंडू आला, तेव्हा नादीनने बोट तर टेकवलंच, वर काकांचं कोपरही दाबलं. दोन्ही वेळा ते बॉयकिन म्हणाले. तिसऱ्या वेळी खांदा झुकला, पोरगा अठरा यार्ड पळाला आणि काका अर्धे उठले.

"हा निघाला लँगली!"

बाहेरच्या तंबूंतून प्रेमाची आरोळी उठली. केंडलने काचेपलीकडून एक बोट वर केलं.

जाहिराती लागल्या तशी नादीन वाकून म्हणाली, "काका, बॉयकिन आहे हो तो. माझ्या बोटाकडे बघत जा ना."

"मी काय म्हणालो?"

"लँगली."

व्हर्लनने चष्मा काढून पुसला. "अगं, रूफसला मी खांदा दिलाय. ठाऊक आहे मला. पण हा पोरगा तसा वळला की मी चाळिशीचा होतो, बायको खाली तिसऱ्या रांगेत असते, आणि तोंडातून निघून जातं. वेडा झालोय का गं मी?"

"नाही हो, काका," ती म्हणाली. दुसऱ्यांदा काय होणार आहे, ते तिने त्यांना अजूनही सांगितलं नाही.

मध्यंतराला तीन मिनिटं उरली होती. खाली बगळ्यांच्या बाकामागे लोक एकदम उभे राहिले. आधी हशा, मग तो विरत गेला आणि कुणीकुणी टोप्या काढल्या. नादीनने दुर्बीण लावली. बॉयकिन मैदानात येत होता. पाठीवरच्या त्याच्या नावावर पांढऱ्या चिकटपट्टीची हाताने कापलेली अक्षरं डकवली होती. लँगली. एक अक्षर जरा तिरकं होतं.

तिच्या लगेच लक्षात आलं. काकांच्या शेवटच्या दिवशी काकांची चूक चूक राहू नये, म्हणून या पोराने स्वतःचं नाव झाकलं होतं.

"काय चाललंय काय?" केंडल कानातल्या यंत्रातून ओरडला.

व्हर्लननेही दुर्बीण उचलली. पण अधू डोळ्यांना अक्षरं लागेनात. "नादीन, पोराच्या पाठीवर काय लिहिलंय?"

माइक चालू होता. सगळ्या जिल्ह्याने प्रश्न ऐकला.

"लँगली," नादीन म्हणाली आणि पुठ्ठ्यावरचं बोट काढून घेतलं. आता त्यांनी खुशाल म्हणावं. पाठीवर लिहिलेलंच वाचलं, तर कुणाचा बाप चूक काढणार होता? म्हणा काका, ती मनात म्हणत होती, आज म्हणून घ्या.

व्हर्लनने दुर्बीण खाली ठेवली. टीव्हीवर चार सेकंदांची शांतता फार होते. ही कितीतरी लांबली. केंडल कानात नुसता तडफडत होता. खाली पंचांनी शिट्टी फुंकून बॉयकिनला बोलावलं आणि त्याच्या पाठीकडे बोट दाखवलं.

"पंच त्याला बाहेर काढतायत," व्हर्लन म्हणाला, त्याच्या त्या नेहमीच्या संथ आवाजात. "बरोबर आहे. सदऱ्यावर पट्टी चालत नाही. पण मंडळी, गुन्हा त्याचा नाही, माझा आहे. रूफस लँगलीला जाऊन बावीस वर्षं झाली. त्याच्या आईने त्या दिवशी माझा हात धरला होता. तरी दर शनिवारी मी त्याला इथे पळायला लावत होतो, कारण मला बरं वाटायचं. आणि या पोराने माझं म्हातारपण आपल्या पाठीवर चिकटवून घेतलं." तो थांबला. "त्याचं नाव..."

नाव आठवेना. नादीनचा हात पुठ्ठ्याकडे गेला, तर काकांनी तो वरच्या वर धरला आणि तसाच धरून ठेवला. खाली कुणीतरी बॉयकिनच्या पाठीवरची पट्टी सोलत होतं. काका काचेला नाक लावून ते धूसर पाहत होते. उन्हात काय दिसत होतं त्यांना, देव जाणे.

"बॉयकिन," ते म्हणाले. "जामार बॉयकिन. ये रे बाळा आत."

पंचांनी हात केला. बॉयकिन आत आला. पुढच्याच खेळीत त्याचा डावा खांदा झुकला आणि नादीनने डोळे मिटून घेतले.

"बॉयकिन!" तिच्या कानाशी काका ओरडत होते. "वीस यार्ड, बॉयकिन! दहा, बॉयकिन! अरे, बॉयकिन!" शाळेत पहिल्या दिवशी नाव पाठ करणाऱ्या पोरासारखे ते म्हणतच राहिले, टचडाऊन होऊन गुण मिळाल्यावरसुद्धा.

कानातल्या यंत्रात केंडलने नाक ओढलं. मग म्हणाला, "ब्लेक, तू जा, काहीतरी खाऊन ये. आज तुझं काम नाही."

नादीन रडत होती. काकांनी तिचा हात अजून सोडला नव्हता, आणि पुढच्या खेळीसाठी पोरं पुन्हा ओळीत उभी राहत होती.